वळिवाची देणगी

पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात, अरबी समुद्राच्या अगदी काठी, भुईगाव नावाचे गाव आहे. पश्चिमेस पुळण आणि सुरूचे बन, पूर्वेस दूरवर तुंगारेश्वराची डोंगररांग, आणि या दोहोंमधील सपाट, वाळूमिश्रित जमिनीवर नारळी-केळीच्या वाड्या, असे या परिसराचे रूप पूर्वापार चालत आले आहे. दक्षिणेकडील वसईची खाडी आणि उत्तरेकडील वैतरणा नदी यांच्यामधला हा किनारी पट्टा केळी, भाजीपाला, विड्याची पाने आणि फुले यांसाठी फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे.

या वाड्यांचा प्राण एकाच गोष्टीत साठवलेला आहे. ती गोष्ट म्हणजे विहिरीतील गोडे पाणी. येथे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने झाडामाडांची तहान विहिरींनाच भागवावी लागते. म्हणून चैत्र सरून वैशाख लागला, की वाडीवाल्याचे लक्ष आभाळाकडे जितके असते तितकेच विहिरीच्या तळाकडेही असते.

वैशाखातील दिवस मोठे कठीण असतात. विदर्भात चंद्रपूरसारख्या ठिकाणी पारा ४५ अंशांपलीकडे चढतो; किनाऱ्यावर तो बहुधा ३३-३४ अंशांवरच थांबतो. तरीही किनाऱ्यावरचा उन्हाळा सुखाचा असतो असे नाही. येथील हवा बाष्पाने भरलेली असते. त्यामुळे अंगावरचा घाम वाळत नाही आणि जिवाची नुसती तगमग होते. केळीची पाने कडेने करपतात. पानवेली माना टाकतात. काल पाजलेली आळी आज पुन्हा कोरडी पडतात. विहिरीच्या कठड्यावरून डोकावले, तर पौषात हाताला लागेल असे वाटणारे पाणी आता खोल गेलेले दिसते. त्याची चव घेणाऱ्याला ते किंचित मचूळही लागते. वाडीवाल्याच्या काळजीचे खरे कारण हेच असते.

अशाच एखाद्या दिवशी, मे महिन्याच्या अखेरीस, दुपार कलू लागते. रोज ठरल्या वेळी समुद्रावरून येणारा वारा आज पडतो. माडाची झावळीही हलत नाही. पूर्वेकडे, तुंगारेश्वराच्या माथ्यावर, सकाळी कापसाच्या पिंजलेल्या गाठीसारखा दिसणारा ढग आता डोंगरावर दुसरा डोंगर रचावा तसा वाढत जातो. त्याचा माथा उन्हात पांढराशुभ्र झळकतो आणि तळ मात्र काळानिळा होतो. पक्षी एकाएकी गप्प होतात. मग त्या काळोख्या तळातून एक दबलेली गुरगुर ऐकू येते.

तिचा अर्थ गावाला सांगावा लागत नाही. अंगणात पसरलेले पापड-कुरडयांचे वाळवण भराभर उचलले जाते. सरपण आडोशाला जाते. गुरे दावणीला येतात. इतक्यात डोंगराकडून वाऱ्याचा एक गार लोट येतो, धूळ आणि पाचोळा उधळतो आणि माड कमानीसारखे वाकवतो. पहिले थेंब टपोरे असतात. तापलेल्या मातीवर ते पडले, की मातीचा तो ओळखीचा सुगंध दरवळतो. क्षणभरात थेंबांच्या धारा होतात आणि धारांचा पडदा होतो. मुले अंगणात धावतात आणि त्यांना कोणी फारसे रागावत नाही. अर्ध्या-पाऊण तासात सगळे आटोपते. ढग समुद्राकडे सरकतात, पश्चिमेला पिवळसर उजेड फुटतो, आणि महिनाभर न लागलेली शांत झोप त्या रात्री गावाला लागते.

हाच वळवाचा पाऊस. ठरल्या वाटेने येणाऱ्या मोसमी पावसाआधी तो अवचित येतो, एका गावाला भिजवतो आणि शेजारच्या गावाला कोरडे ठेवून निघून जातो. समुद्राच्या वाऱ्यामुळे कोकणाच्या किनाऱ्यावर त्याच्या फेऱ्या कमी असतात. सह्याद्रीपलीकडे पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत तो एप्रिल-मे महिन्यांत अधिक वेळा हजेरी लावतो, आणि कधी कधी गाराही घेऊन येतो.

इतक्या कडक उन्हात एवढे थंड पाणी येते कोठून? या प्रश्नाचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. वळीव हे उन्हाचेच अपत्य आहे. सूर्याच्या तापाने जमीन तापते आणि जमिनीलगतची हवा तापून हलकी होते. हलकी हवा वर चढते. समुद्रावरून आलेले बाष्पही तिच्याबरोबर वर जाते. वर जाताना हवा थंड होत जाते. आरंभी दर किलोमीटरला सुमारे १० अंश या मानाने. पुरेशी थंड झाली, की तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म जलकण बनतात, आणि तोच ढग होय.

येथे निसर्गाची एक खुबी आहे. पाण्याची वाफ होताना पाणी उष्णता शोषून घेते. वाफेचे पुन्हा पाणी होताना ती सगळी उष्णता बाहेर पडते. एक लिटर पाणी ढगात निर्माण होते तेव्हा जी उष्णता मोकळी होते, तिच्यात बर्फासारख्या थंडगार अशा सुमारे सहा लिटर पाण्याला उकळी येऊ शकेल! या उष्णतेने ढगातील हवा आणखी हलकी होते, आणखी वर चढते, आणि ढग उंच वाढत जातो. गर्जणाऱ्या ढगाचा माथा १२ ते १५ किलोमीटर उंचीवर पोचतो. जगातील सर्वांत उंच शिखर एव्हरेस्ट. पण त्याची उंचीही ९ किलोमीटरपेक्षा कमीच आहे. एवढ्या उंचीवर पाणी गोठते आणि त्याचे हिमकण व गारा बनतात. त्यांचा भार पेलेनासा झाला, की ते खाली येऊ लागतात आणि वाटेत वितळून थेंब होतात. त्यांच्याबरोबर वरची थंड हवाही जोराने खाली उतरते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. पावसाच्या आधी अंगाला लागणारा गार वारा तो हाच.

वीजही याच घडामोडींतून जन्मते. ढगातील हिमकण आणि गारा एकमेकांवर आदळतात, त्यांवर विद्युतभार साचतो, आणि तो अनावर झाला की विजेच्या लोळाने वाट काढतो. त्या वाटेवरील हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाच्या हे सुमारे पाचपट आहे. एवढी तापलेली हवा एकदम फुगते आणि गडगडाट होतो. उजेड डोळ्यांना तत्क्षणी दिसतो. आवाजाला मात्र एक किलोमीटर अंतर तोडण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत आणि त्यांना तिनाने भागावे. वीज किती किलोमीटरवर चमकली ते कळते. अर्थात हे गणित घरात बसून करावे. वीज कडाडत असताना एकट्या झाडाखाली उभे राहणे, उघड्या पुळणीवर फिरणे किंवा पाण्यात उतरणे जिवावर बेतू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप आता मोबाईलवर विजेचा इशारा देते. त्याचा उपयोग शेतावर काम करणाऱ्यांना होतो.

वळीव सर्वांनाच सुख देतो असे मात्र नाही. त्याच्या वाऱ्याने घडाच्या भाराने वाकलेल्या केळी मोडून पडतात आणि पाडाला आलेले आंबे झडतात. कोळीवाड्यात बांबूंवर वाळत घातलेले बोंबील भिजून खराब होतात. खाडीकाठच्या मिठागरांत कित्येक दिवसांच्या उन्हाने तयार झालेले मीठ एका सरीत विरघळून जाते. ज्या सरीसाठी वाडीवाला आतुर झालेला असतो, तीच सर आगराच्या कामकऱ्याला नकोशी वाटते. निसर्ग कोणा एकासाठी वागत नाही, ही गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसाला लहानपणीच उमगते.

आता खरा प्रश्न उरतो तो असा, की वळीव आला म्हणजे पाण्याची टंचाई सरली काय? दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीत डोकावणाऱ्याची निराशा होते. एवढा पाऊस कोसळूनही पाणी जवळजवळ तेथल्या तेथेच असते. मग कालचे सगळे पाणी गेले कोठे?

थोडा हिशेब करू. एका सरीत २० मिलिमीटर पाऊस पडला असे समजू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर जागा. तिच्यावर या सरीने सुमारे २,००० लिटर पाणी पडते. ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. तेव्हा एकरभर वाडीला सुमारे ८०,००० लिटर पाणी मिळते. यातले थोडे वाहून जाते, थोडे उन्हाने उडून जाते. उरलेले वरची कोरडी माती पिऊन टाकते. खोल विहिरीपर्यंत पोचण्याइतके ते नसते.

तरीही हे पाणी वाया गेलेले नसते. मे महिन्यातील एका दिवसात हिरवी वाडी सुमारे ५-६ मिलिमीटर पाणी वापरते. म्हणजे २० मिलिमीटरची एक सर वाडीची तीन-चार दिवसांची तहान भागवते. या तीन-चार दिवसांत विहिरीवरचा पंप बंद राहतो. विहिरीला विसावा मिळतो. वळवाची खरी देणगी ही आहे. तो विहीर भरीत नाही. तो विहीर राखतो.

हा विसावा भुईगावसारख्या गावाला इतका मोलाचा का, हे समजण्यासाठी जमिनीच्या पोटात डोकवावे लागेल. एक लिटर गोड्या पाण्याचे वजन एक किलोग्रॅम भरते. तेवढ्याच समुद्राच्या पाण्याचे वजन सुमारे २५ ग्रॅमने अधिक भरते. गोडे पाणी हलके असल्यामुळे किनाऱ्यावरच्या वाळूत ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमध्ये आणि पुढे लवकरच जर्मनीत शास्त्रज्ञांनी याचे गणित मांडले. वाळूच्या जमिनीत गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक हात वर असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे चाळीस हातांपर्यंत गोडे पाणी राहू शकते. उलट उपसा करून ती पातळी एक हात खाली नेली, तर कालांतराने तळाचे खारे पाणी चाळीस हात वर सरकू शकते! वरून पाहणाऱ्याला एक हाताची घट दिसते. खाली समुद्र चाळीस हात पुढे आलेला असतो. आणि विहिरीत एकदा शिरलेला खारेपणा सहजासहजी जात नाही; त्यासाठी पुष्कळ पावसाचे पाणी जमिनीत मुरावे लागते.

वसईच्या जुन्या लोकांनी हे गणित पुस्तकात वाचले नव्हते; पण त्यांच्या वागण्यात ते होते. विहिरीवर बैलाचा रहाट चाले. रहाटाची गती बैलाच्या चालीएवढी. त्यामुळे पाणी जसे उपसले जाई तसे पुन्हा पाझरून यायला सवड मिळे. वाड्यांच्या मधोमध त्यांनी 'बावखले' खोदून ठेवली होती. बावखल म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे लहानसे तळे. पावसाळ्यात आजूबाजूचे पाणी त्यात उतरे, सावकाश जमिनीत मुरे आणि शेजारच्या विहिरींना गोडे पाणी पुरवी. शिंपण्यासाठीही त्याचा उपयोग होई. खाऱ्या पाण्याला थोपवून धरणारी ती जणू गावाची ढालच होती.

पुढे काळ पालटला. रहाट जाऊन पंप आले. मुंबईची वस्ती वाढत वाढत वसईपर्यंत पोचली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात इमारतींच्या बांधकामासाठी वाड्यांतील विहिरींचे पाणी टँकर भरभरून जाऊ लागले. कित्येक बावखले बुजवली गेली. उपसा वाढला आणि मुरवण घटली. परिणामी विहिरी खाऱ्या होऊ लागल्या. तेव्हा वसईचे लोक जागे झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने वाड्या आणि पाणी यांच्या रक्षणासाठी लढा दिला. मराठीत विपुल लेखन करणारे हेच फादर दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली त्यांचे निधन झाले. बावखलांचे मोल मात्र आता पुष्कळांना पटले आहे, आणि उरलेली बावखले जपावीत म्हणून वसईत प्रयत्न होत आहेत.

पाणी राखण्याचा हा धडा एकट्या वसईचा नाही. २०१६ साली मराठवाड्यात भीषण दुष्काळ पडला आणि लातूर शहराला प्यायलाही पाणी उरले नाही. तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी नेण्यात आले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी लातुरात पोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ते पाहून लोकांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले असेल तर नवल नाही. आता मघाचा हिशेब आठवावा. पाच लाख लिटर म्हणजे २० मिलिमीटरच्या एका सरीत अवघ्या सव्वासहा एकरांवर पडणारे पाणी! आकाश जे अर्ध्या तासात देऊन जाते, तेवढे आणण्यासाठी माणसाला शेकडो किलोमीटर लोहमार्गावरून गाडी धाववावी लागते.

वळीव येतो तेव्हा मोसमी पाऊस फार दूर नसतो. मुंबई आणि तिच्या उत्तरेचा हा किनारा यांवर तो साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मृग नक्षत्राच्या आरंभी, पोचतो. मधल्या या थोड्या दिवसांत कामे पुष्कळ असतात. बावखलातील गाळ काढायचा असतो. त्यात पाणी आणणारे पाट मोकळे करायचे असतात. छपरावरचे पाणी विहिरीकडे वळवायचे असते. ज्या गावाने एवढे केले, त्याच्या भूमीत आषाढाचा पाऊस मुरतो, आणि पुढच्या वैशाखात त्या गावच्या विहिरीचे पाणी खोल गेले तरी गोडेच राहते.

वळिवाच्या दुसऱ्या दिवशी भुईगावच्या वाडीत जावे. केळीची पाने धुऊन निघालेली असतात. मोगऱ्याच्या कळ्यांवर थेंब असतात. पंपाचा आवाज बंद असतो, आणि ओल्या मातीत कुदळ चालवण्याचा आवाज तेवढा येत असतो.

शब्दार्थ

पुळण – समुद्रकाठची वाळूची जमीन. आळे – पाणी देण्यासाठी झाडाभोवती केलेला खळगा. मचूळ – किंचित खारट. दावण – गुरे बांधण्याची दोरी व जागा. मिठागर, आगर – समुद्राच्या पाण्यापासून मीठ पिकवण्याची जागा. वाघीण – मालगाडीचा डबा. मुरवण – पाणी जमिनीत जिरणे.

स्वाध्याय

१. वळीव येण्यापूर्वी निसर्गात कोणकोणते बदल दिसतात? पाठाच्या आधारे पाच-सहा वाक्यांत लिहा.

२. कारणे द्या : (अ) पावसाच्या आधी गार वारा सुटतो. (आ) मिठागरातील कामकऱ्यांना वळीव नकोसा वाटतो. (इ) किनाऱ्यावरील विहिरीचा उपसा बेताने करावा लागतो.

३. 'तो विहीर भरीत नाही. तो विहीर राखतो.' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.

४. वीज दिसल्यानंतर १२ सेकंदांनी गडगडाट ऐकू आला. वीज किती अंतरावर चमकली?

५. तुमच्या शाळेच्या छपराची लांबी-रुंदी मोजा. २० मिलिमीटरच्या एका सरीत त्यावर किती लिटर पाणी पडेल ते काढा.

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : तगमग होणे, माना टाकणे, जिवावर बेतणे, विसावा मिळणे.

७. तुमच्या गावातील जुन्या विहिरी, तळी किंवा बावखले यांविषयी वडीलधाऱ्यांना विचारा आणि मिळालेली माहिती दहा-बारा ओळींत लिहा.